ताटात उरणे आणि गावात उरणे

सायकल शर्यत दाखवणाऱ्या टीव्हीवाल्यांची एक अडचण असते. खेळाडू चार-चार, पाच-पाच तास पेडल मारत असतात आणि त्यातला बराच वेळ सांगण्यासारखे काही घडत नाही. मग हेलिकॉप्टरमधला कॅमेरा किल्ले, चर्च आणि द्राक्षमळे दाखवतो. समालोचक गावाचा इतिहास सांगतो, इथे आलात तर काय खा हेही सांगतो. इटलीची 'जिरो द'इटालिया' ही शर्यत १९०९ साली एका क्रीडा दैनिकाने खप वाढवण्यासाठी सुरू केली. त्या दैनिकाचा कागद गुलाबी, म्हणून आघाडीवरच्या खेळाडूला १९३१ पासून गुलाबी जर्सी मिळते. आज ही शर्यत म्हणजे इटलीच्या पर्यटनाची तीन आठवड्यांची जाहिरातही आहे. टप्पा आपल्या गावातून जावा म्हणून गावे पैसे मोजतात.

या शर्यतीतल्या एका छोट्या टप्प्याबद्दल मला लिहायचे आहे. २०२० साली शर्यत हंगेरीतल्या बुडापेस्टहून मे महिन्यात निघणार होती. कोरोनामुळे तो बेत रद्द झाला आणि ३ ऑक्टोबरला ती सिसिली बेटावरून निघाली. पहिला टप्पा होता मोनरेआले ते पालेर्मो, फक्त १५.१ किलोमीटर. प्रत्येकाने एकट्याने, घड्याळाशी स्पर्धा करत धावायचे. फिलिप्पो गान्ना या इटालियन खेळाडूने तो साडेपंधरा मिनिटांच्या आत संपवला. आपल्याला त्या रस्त्यावर थोडे सावकाश जायचे आहे, कारण या पंधरा किलोमीटरांत आपल्यासारख्या वाचकांनी नीट समजून घ्यावी अशी एक गोष्ट दडली आहे.

सिसिलीचे नाव निघाले की आपल्या लोकांत दोन प्रकारची वाक्ये ऐकू येतात. एक आपल्या बिरादरीतले : "युरोपला खायला-प्यायला आणि राहायला आपणच शिकवले." दुसरे आपल्या पुरोगामी मित्रांचे : "बघा, अन्न माणसांना कसे जोडते!" पहिले वाक्य छाती फुगवते, दुसरे डोळे ओले करते. मोनरेआले-पालेर्मोचा रस्ता दोन्ही वाक्यांना पुरावा देत नाही. ताटात उरलेला माणूस गावात उरतोच असे नाही, एवढेच तो रस्ता सांगतो.

डोंगरावरचे चर्च

टप्पा सुरू होतो ते मोनरेआले पालेर्मोच्या वरच्या डोंगरउतारावर आहे. तिथले कॅथेड्रल नॉर्मन राजा दुसरा विल्यम याने ११७४ च्या सुमारास बांधायला घेतले. आतल्या भिंती सोनेरी मोझेकने मढवल्या आहेत. बायझंटाइन पद्धतीचे हे काम पाहायला जगभरातून लोक येतात. शेजारच्या मठाच्या अंगणाला २२८ खांबांची ओसरी आहे आणि तिच्या एका कोपऱ्यात कारंजे. कारंज्याचा मधला खांब खजुराच्या खोडासारखा. ख्रिस्ती साधूंच्या मठात उभे राहून अंदलुसियातल्या एखाद्या हवेलीची आठवण यावी असा तो कोपरा आहे.

वरून खाली पाहिले की पालेर्मोचे खोरे दिसते. त्याला 'कोंका द'ओरो' म्हणतात, म्हणजे सोन्याचा शिंपला. कधीकाळी हे सारे खोरे संत्र्या-लिंबांच्या बागांनी भरलेले होते. या बागांना पाणी कुठून मिळाले? जमिनीखाली खोदलेल्या, किंचित उताराच्या बोगद्यांमधून. त्यांना अरबीत 'कनात' म्हणतात. पालेर्मोच्या पोटात ते अजून आहेत आणि पर्यटकांना हेल्मेट घालून त्यांतले काही दाखवतात. मराठवाड्यातल्या वाचकांना हे नवे वाटू नये. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जी नहर-ए-अंबरी खोदवली, ती याच विद्येची दूरची बहीण. डोंगरातले पाणी उताराच्या जोरावर, मोटेशिवाय शहरात आणायचे.

सिसिलीवर मुसलमानांचा अंमल कसा आला, तेही थोडक्यात सांगतो. ८२७ साली युफेमिअस नावाच्या बायझंटाइन सेनानीने बंड केले आणि उत्तर आफ्रिकेतल्या अगलबी राज्याची मदत मागितली. त्या फौजेचे नेतृत्व कैरवानचे काझी असद इब्न अल-फुरात यांच्याकडे होते. ८३१ मध्ये पालेर्मो पडले. सगळे बेट ताब्यात यायला पुढे सत्तर वर्षांहून अधिक काळ गेला आणि ती वर्षे रक्ताची होती. ९०२ साली ताओरमिना पडले तेव्हा तिथल्या ख्रिस्ती लोकांवर काय गुदरले, हे लपवून आपल्याला 'सुवर्णकाळ' सांगता येणार नाही. १०७२ मध्ये नॉर्मनांनी पालेर्मो घेतले आणि १०९१ पर्यंत सारे बेट त्यांचे झाले.

रस्त्यावरचे ताट

आता शहरात उतरू. या उतारावर, कालाताफिमी नावाच्या रस्त्यालगत 'कुबा' हा राजवाडा आहे. नाव अरबी, 'कुब्बा'वरून आलेले. बांधणारा मात्र तोच विल्यम. ११८० साली बांधलेल्या या इमारतीच्या माथ्यावर अरबी लेख आहे. थोड्या अंतरावर 'झिसा', म्हणजे 'अल-अझीझा'. शहराच्या मुख्य रस्त्याला जुने लोक अजून 'कासारो' म्हणतात, तो 'अल-कसर'. समुद्राकडची वस्ती 'काल्सा', ती 'अल-खालिसा'. बेटावरच्या काल्तानिसेत्ता आणि काल्ताजिरोने या गावांच्या नावातला 'कल' म्हणजे अरबी 'कलआ'. आपण मराठीत 'किल्ला' म्हणतो तो शब्दही तिथूनच आला.

बाजारात गेलात तर पहिल्यांदा 'पानेल्ले' मिळतील. हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचे, पसरून थंड करायचे, तुकडे पाडून तळायचे, वर लिंबू पिळून तीळ लावलेल्या पावात घालायचे. विदर्भ-मराठवाड्यातली कोणतीही बाई पाहताक्षणी म्हणेल, ही तर तळलेली पाटवडी! मग 'आरांचीना', केशरी भाताचा सारण भरून तळलेला गोळा. बेटाच्या पूर्वेकडे त्याला पुल्लिंगी 'आरांचीनो' म्हणतात, पालेर्मोत स्त्रीलिंगी 'आरांचीना', आणि यावरून दोन्ही बाजू मनापासून भांडतात. भाषा शिकवणाऱ्या माणसाला याहून गोड भांडण सापडणार नाही. मग वांग्याची आंबटगोड 'कापोनाता'. सार्डिन मासे, रानबडीशेप, मनुका आणि केशर घातलेला पास्ता. आणि 'कासाता', रिकोटा, साखर आणि बदामाच्या पिठीचा नक्षीदार केक.

साखर, भात, वांगी, आंबट संत्री, लिंबू ही सिसिलीत रुजली ती अरबांच्या काळात. पण 'आपण दिले' म्हणण्याआधी शब्दांचा माग काढावा. 'आरांचीना' म्हणजे छोटे संत्रे. इटालियन 'आरांचा' आला अरबी 'नारंज'वरून, तो फारसी 'नारंग'वरून आणि तो संस्कृत 'नारंग'वरून. इटालियन 'झुक्केरो' आला 'सुक्कर'वरून, आणि त्याचे मूळ 'शर्करा'. वांग्याचे 'बाजिंजान' हे नावही फारसीतून मागे भारताकडेच जाते. म्हणजे अरबांनी जे दिले ते आधी घेतले होते, ज्यांच्याकडून घेतले ते आपल्याच भूमीतले शेतकरी होते, आणि त्यांचा धर्म विचारायला त्या काळी इस्लाम यायचा होता. ऊस वाहून नेणाऱ्यांत, रोपे जगवणाऱ्यांत, पाट काढणाऱ्यांत कोण कोण होते याची यादी करायला बसलो तर कोणत्याच एका कौमेला दावा लावता येत नाही.

दुसरी सावधगिरी अशी की प्रत्येक पदार्थाला 'अरबी' चिठ्ठी डकवण्याची पर्यटनवाल्यांना सवय असते. 'कासाता'चे मूळ कोणी अरबी 'कसआ', म्हणजे पसरट वाडगा, या शब्दात शोधतात, तर कोणी लॅटिनमधल्या चीजच्या शब्दात. आरांचीन्यातला टोमॅटो तर अमेरिकेतून आला. एक गोष्ट मात्र कागदावर आहे. राजा दुसरा रॉजर याच्या पदरी असलेल्या अल-इद्रीसी या भूगोलकाराने ११५४ च्या ग्रंथात लिहिले आहे की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात 'इत्रिया', म्हणजे शेवयांसारखा वाळवलेला पिठाचा पदार्थ, भरपूर बनतो आणि मुसलमान व ख्रिस्ती दोन्ही मुलखांत जहाजांनी जातो. गिरण्या कोणाच्या, पीठ कोणी मळले, हे तो सांगत नाही. आपणही सांगू नये.

त्याच्याही आधी, ९७३ च्या सुमारास, बगदादकडून आलेला प्रवासी इब्न हौकल पालेर्मोत येऊन गेला. त्याने शहरात तीनशेहून अधिक मशिदी असल्याचे लिहिले. पण गावकऱ्यांवर तो भलताच नाराज होता. हे लोक सकाळ-संध्याकाळ कच्चा कांदा खातात, त्याने त्यांची अक्कल बिघडली आहे, असे त्याचे म्हणणे. तिथल्या शेकडो मास्तरांचीही त्याने यथेच्छ टिंगल केली आहे. कांदा-भाकरीवर वाढलेला मास्तर म्हणून मी ही दोन्ही कलमे अमान्य करतो. पण 'अरबी सिसिली' हे एकजीव स्वर्गीय प्रकरण नव्हते, मुसलमानच मुसलमानांना नावे ठेवत होते, हे यातून कळते.

आणि ती माणसे?

११८४ च्या हिवाळ्यात अंदलुसियाचा इब्न जुबैर हजहून परतत होता. मेसिनाजवळ त्याचे जहाज फुटले आणि तो सिसिलीत अडकला. त्याने लिहून ठेवले आहे की राजा विल्यमचा मुसलमानांवर फार भरवसा आहे, राजाला अरबी लिहिता-वाचता येते, आणि त्याच्या मुदपाकखान्याचा देखरेख करणारासुद्धा मुसलमान आहे. पालेर्मोच्या ख्रिस्ती बायका मुसलमान बायकांसारखा पोशाख करतात, हेही त्याने नोंदवले. आजच्या भाषेत सांगायचे तर गंगा-जमनी तहजीब जोरात होती.

आता त्याच वेळचा दुसरा कागद पाहा. मोनरेआलेच्या चर्चला विल्यमने प्रचंड जमीन दान दिली. त्या जमिनीबरोबर तिच्यावर राबणारी कुळेही दिली आणि ती बहुतेक मुसलमान होती. ११७८ ते ११८३ या काळातल्या त्या नोंदवह्या आजही शिल्लक आहेत. त्यांत अरबी लिपीत कुळांची नावे आहेत, बाप-लेकांची, भावाभावांची. चर्चच्या मालमत्तेची ती यादी. राजाच्या ताटात काय पडेल हे एका मुसलमानाच्या हाती सोपवलेले होते आणि राजाच्या चर्चच्या दप्तरात दुसरा मुसलमान शेताच्या बांधासारखा मोजलेला होता. दोन्ही एकाच राजाच्या काळात, त्या पंधरा किलोमीटरांच्या दोन टोकांना.

११८९ मध्ये विल्यम वारला. पालेर्मोत मुसलमानांवर हल्ले झाले. लोक शहर सोडून पश्चिमेच्या डोंगरांत पळाले. तिथे त्यांनी बंड केले, पुढे अनेक वर्षे झुंज दिली. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने ते मोडले आणि हजारोंना उचलून इटलीच्या मुख्य भूमीवरच्या लुचेरा या गावी नेऊन बसवले. हा फ्रेडरिक अरबी विद्येचा मोठा चाहता होता, हेही लक्षात असू द्या. इ.स. १३०० मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने लुचेराची वस्तीही मोडली आणि तिथल्या मुसलमानांना गुलाम म्हणून विकले. सिसिलीचे मुसलमान इतिहासातून संपले.

पदार्थ मात्र संपले नाहीत. ते वाढत गेले, नटत गेले, आणि ज्यांचे होते त्यांच्यासाठी उरले नाहीत. पालेर्मोला जाणाऱ्या मुसलमान प्रवाशाने 'कान्नोली' खाण्याआधी विचारावे लागते, कारण त्याच्या कुरकुरीत नळीच्या पिठात परंपरेने डुकराची चरबी आणि मार्साला वाइन असते. 'मार्साला' हे त्या बंदराचे अरबी नाव, 'मर्सा' म्हणजे बंदर. 'झबीब' म्हणजे मनुका, त्यावरून 'झिबिब्बो' हे द्राक्ष, आणि त्याची आज प्रसिद्ध असलेली चीज म्हणजे गोड दारू. यात तक्रारीचे काही नाही. पदार्थ ज्यांच्या घरात राहतो त्यांच्या वळणाने जातो.

ही गोष्ट एकट्या मुसलमानांची नाही. पालेर्मोत 'पाने का मेउसा' नावाचा पाव मिळतो, वासराची प्लीहा आणि फुप्फुस घातलेला. तो तिथल्या यहुदी खाटकांकडून आला असे सांगतात. स्पेनच्या राजांच्या फर्मानाने १४९३ पर्यंत सिसिलीतले यहुदी हाकलले गेले. पाव राहिला. आज ती प्लीहा डुकराच्या चरबीत तळतात. ज्यांनी तो पाव दिला त्यांच्या नातवंडांना तो तोंडात घालता येणार नाही. 'अन्न जोडते' म्हणणाऱ्या मित्रांनी या पावासमोर दोन मिनिटे उभे राहावे.

आपल्या गल्लीतली गोष्ट

हे सगळे मी का सांगतो आहे? कारण आपल्याकडेही रमझानमध्ये खाऊगल्ल्या फुलतात. मुंबईत मोहम्मद अली रोडवर, पुण्यात कॅम्पात आणि मोमीनपुऱ्यात, मराठवाड्यात नान-खलियाच्या दुकानांवर सगळ्या धर्मांचे लोक येतात, फोटो काढतात, तारीफ करतात. मला त्याचा आनंद होतो. पाहुणा आला की दस्तरखान अंथरायचा, ही आपली रीत आहे. पण त्यातल्याच किती जणांच्या सोसायटीत मुसलमानाला भाड्याने घर मिळते? नाव सांगेपर्यंत रिकामी असलेली खोली नाव सांगितल्यावर भरलेली निघते, हा अनुभव आपल्यात इतका सर्रास आहे की आता कोणी तो तक्रार म्हणून सांगतही नाही. माझे म्हणणे इतकेच की खलियाची वाटी रिकामी होणे हा सलोख्याचा पुरावा म्हणून स्वीकारू नका. बिर्याणीच्या दुकानापुढची रांग पाहून निर्धास्त होऊ नका. विल्यमच्या दरबारातला तो मुदपाकखानेवालाही बहुधा निर्धास्त असेल.

आणि एक आपल्याच लोकांसाठी. 'बिर्याणी, जलेबी, सरबत आपण दिले' ही यादी वाचत बसण्याने कोणाचे काही वाढत नाही. ज्या घरात हे रोज रांधले जाते, त्या घरातल्या बाईचे नाव, तिचे शब्द, तिची मापे आपण कुठे लिहून ठेवली आहेत? कोकणातल्या मुसलमान घरांतले पदार्थ वेगळे, खानदेशातले वेगळे, सोलापूरचे वेगळे. त्यांची नावे मराठीत आहेत, उर्दूत आहेत, काही दोन्हींच्या मधल्या बोलीत आहेत. आपण अब्बासी खलिफांच्या दस्तरखानावर भाषणे देतो आणि आजीच्या चुलीवरचा पदार्थ तिच्याबरोबर कबरस्तानात जातो. सिसिलीच्या कुळांची नावे निदान मालकाच्या वहीत राहिली. आपली आपण लिहिलेली वही हवी.

पालेर्मोकडून घेण्यासारखे

पालेर्मोला नुसता दोष देणेही बरोबर नाही. २०१५ साली युनेस्कोने तिथल्या वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा त्या यादीचे अधिकृत नावच 'अरब-नॉर्मन पालेर्मो आणि चेफालू व मोनरेआलेची कॅथेड्रल' असे आहे. 'अरब' हा शब्द आधी आहे आणि तो झाकलेला नाही. पालेर्मो कॅथेड्रलच्या दक्षिणेकडच्या देवडीत एका खांबावर सूरह अल-आराफमधली आयत कोरलेली आहे. शतकानुशतके लोक तिच्याजवळून प्रार्थनेला जातात, कोणी ती खरवडलेली नाही. जुन्या यहुदी वस्तीतल्या रस्त्यांच्या पाट्या इटालियन, हिब्रू आणि अरबी अशा तीन भाषांत आहेत. बाल्लारो बाजाराच्या आसपास आज बांगलादेशी, ट्युनिशियन, आफ्रिकी कुटुंबे राहतात, दुकाने चालवतात. २०१५ मध्येच शहराने 'पालेर्मोची सनद' जाहीर केली आणि माणसाला कुठेही जाऊन राहण्याचा हक्क असावा अशी भूमिका घेतली. सगळे तिथे गोडीगुलाबीचे चालले आहे असे नाही. इटलीतही स्थलांतरितांविरुद्धचे राजकारण जोरात आहे. पण इतिहासाची पाटी आणि आजचा भाडेकरू यांचा एकमेकांशी संबंध आहे, एवढे या शहराने ओळखले आहे.

झिसाच्या वाड्यात एक दगड ठेवला आहे. ११४९ सालचा हा कबरीवरचा लेख. ग्रिसान्दो नावाच्या ख्रिस्ती पाद्र्याने आपल्या आईसाठी, अन्नासाठी, तो करवला. एकच शोक चार प्रकारे लिहिला आहे : लॅटिनमध्ये, ग्रीकमध्ये, अरबीत, आणि हिब्रू लिपीतल्या अरबीत. त्या पाद्र्याला वाटले असेल की आपली आई वारली हे गावातल्या प्रत्येकाला वाचता आले पाहिजे. गावात चारही लिप्या वाचणारे शेजारी आहेत, हे त्याने गृहीत धरले होते. पुढच्या दीडशे वर्षांत अरबी वाचणारे गेले, साडेतीनशे वर्षांत हिब्रू वाचणारे गेले.

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून मला आरांचीना-कासातापेक्षा हा दगड जास्त बोलतो. एखाद्या गावात वेगळ्या लोकांना खरोखर जागा आहे की नाही, हे तिथल्या खाऊगल्लीवरून ओळखू नये. तिथल्या दुकानांच्या पाट्या, शाळांची पटसंख्या, भाड्याच्या घरांच्या यादीतली आडनावे आणि दुःखाच्या प्रसंगी दारात येणारी माणसे पाहावीत. पुढच्या रमझानमध्ये कोणी मित्र खलिया खायला आला तर त्याला पोटभर वाढा. आणि जेवण झाल्यावर, हात धुताना, त्याच्या इमारतीत एखादे घर रिकामे आहे का, तेही विचारा.